बॅटरीचं पाणी आणि हिरेमठसरांचा डीएनए

सोलापुरात ज्यांच्या घरी बंब आहे त्यांना हे सांगायला नको. रोज पाणी तापवायचं, रोज काढून घ्यायचं, आणि एक दिवस आत हात घालून बघावं तर कडेनं पांढरी खपली! कधी बसली, कशी बसली, पत्ता लागत नाही. आमच्या कॉलेजातल्या केमिस्ट्री डिपार्टमेंटचे किस्से माझ्या डोक्यात असेच बसलेत. मी मुद्दाम एकही साठवला नाही. सत्तरच्या दशकात, दुष्काळाच्या आगेमागे, मी तिथं डेमॉन्स्ट्रेटर होते आणि ऐन उमेदीत होते, एवढंच काय ते माझं कर्तृत्व.

डिपार्टमेंटचे हेड हिरेमठसर. अक्कलकोटकडचे, घरी कन्नड, बाहेर मराठी, रागावले की इंग्रजी. त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करणारा गड्डम, पूर्व भागातल्या विणकरांच्या घरातला. त्याच्या घरी तेलुगू. आणि प्रयोगशाळेतले अटेंडंट मौलाचाचा, ते आपले दखनीत. मी मोहोळची, त्यामुळं चौघांत शुद्ध मराठी कुणालाच येत नव्हतं, आणि कामही कधी अडलं नाही.

* * *

सरांचं संशोधन काय, हे एकदा संस्थेचे अध्यक्ष विचारायला आले. अध्यक्षांचा चादरींचा कारखाना. स्वभावानं मोकळे, पण ज्या यंत्राला सही केली ते करतं तरी काय, हे बघायचं होतं त्यांना.

सरांनी खुर्ची दिली आणि समजावलं. प्रत्येक जिवाच्या पेशीत डीएनए असतो. दोन दोरे एकमेकांना वळसे घालून बसलेले असतात. पाण्यात घालून तापवत नेलं की एका ठरावीक तापमानाला ते सुटे होतात. डोळ्यांना काही दिसत नाही, पण या यंत्राचा काटा सरकतो. आता त्या दोऱ्यांना एखादं रसायन चिकटवलं, तर ते आधी सुटतील की उशिरा? घट्ट होतील की सैल? एवढंच शोधायचंय.

अध्यक्ष डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे वीण कितीला उसवते ते बघताय."

सर खूश झाले. म्हणाले, अगदी बरोबर.

"मग आमची चादर आणून तापवा की. किती बी उकळा, उसवणार न्हाई." उठता उठता ते वर हात करून म्हणाले, "देवाला म्हणावं, पुढच्या खेपेला डिझाइन आमच्याकडनं न्या."

यंत्राच्या देखभालीचे पैसे मात्र त्यांनी त्याच दिवशी मंजूर केले.

* * *

डीएनए आणायचा कुठून, ही पहिली अडचण. परदेशात तो वासराच्या एका ग्रंथीतून काढतात. तशी एक इवलीशी बाटली सरांनी मागवली होती, ती संपली. गड्डम म्हणाला, बकऱ्याची ग्रंथी खाटकाकडं सहज मिळंल. सरांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि विषय संपला.

शेवटी सरांनी कांदा ठरवला. सोलापुरात कांद्याला काय तोटा! मार्केट यार्डातून पोतं आलं. सोलायचा, चिरायचा, बर्फात ठेवून वाटायचा, गाळायचा, आणि शेवटी वरून गार स्पिरिट सोडायचं, की डीएनएचे पांढरे तंतू काचेच्या कांडीला गुंडाळले जातात. ते बघायला फार सुंदर. पण तिथवर पोचेपर्यंत चौघांच्या डोळ्यांना धारा.

नेमकी त्याच दिवशी विद्यापीठाची कमिटी आली. दारात तिघं साहेब उभे, आणि आत हेडपासून अटेंडंटपर्यंत सगळे नाक ओढत रडतायत. कमिटीचे मुख्य गृहस्थ सज्जन होते. त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "कधी झालं?"

सर रुमालानं डोळे पुसत म्हणाले, "अजून व्हायचंय. संध्याकाळपर्यंत होईल."

कमिटीनं एकही प्रश्न न विचारता सगळ्या कागदांवर सह्या केल्या आणि चहासुद्धा घेतला नाही. उरलेल्या कांद्यांची मौलाचाचांनी भजी केली, ती आम्ही चौघांनीच संपवली.

* * *

गड्डमच्या आईनं मुलगा पीएच.डी.ला बसला त्याच दिवसापासून गल्लीत त्याला 'डाक्टर' करून टाकलं होतं. माउलीला वाटायचं, आता नुसती सही राहिलीय. गड्डम बिचारा किती समजावणार! शेजारपाजारच्या बायका तापानं फणफणलेली पोरं घेऊन दारात यायच्या.

एकदा मी त्याच्या घरी काही कागद द्यायला गेले होते, तेव्हा अशीच एक बाई पोराला कडेवर घेऊन उभी होती. गड्डम तिला दोन्ही हात जोडून सांगत होता, "मावशी, सरकारी दवाखान्यात न्या. मी ताप उतरवत न्हाई. मी चढवून बघतो."

हसण्यावारी जायचं ते, पण वेळ थोडा उरला होता. त्याची स्कॉलरशिप उन्हाळ्याअखेर संपणार होती. कॉलेजात लेक्चररची एक जागा होती, ती डिग्री हातात असेल तरच त्याची. नाहीतर भिवंडीला काकांच्या रंगाच्या कारखान्यात हिशेबनीस. काका वाईट नव्हते, कामही वाईट नव्हतं. पण यंत्राच्या काट्याकडं बघताना त्याचा चेहरा जसा व्हायचा, तसा तो भिवंडीत झाला नसता, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

* * *

मे महिन्यात खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावायचे आणि मौलाचाचांनी त्यावर पाणी मारत राहायचं, ही आमची वातानुकूलित प्रयोगशाळा. तरी दुपारी खोलीतच बेचाळीस! डीएनए तापवायला सुरुवात करायची तर आधीच निम्मा तापलेला.

सरांनी एक लेख परदेशी पाठवला. तिकडच्या परीक्षकानं उलट टपाली विचारलं, की तुमचा आलेख पंचवीस अंशांपासून सुरू न होता एकदम चाळिसाच्या पुढं कसा काय सुरू होतो? आम्ही म्हटलं, सर आता माफी मागतील, थंडीत परत करून पाठवू म्हणतील.

सरांनी एका ओळीचं उत्तर धाडलं. "आमच्या गावी या ऋतूत पंचवीस हा आकडा फक्त थर्मामीटरवर असतो."

लेख छापून आला.

* * *

डीएनएची एक गंमत आहे. तापवून सुटे झालेले दोरे सावकाश थंड केले तर आपापला जोडीदार हुडकून परत वळसे घालतात. पण गरमागरम नळी एकदम बर्फात खुपसली, तर जिथल्या तिथं अडकून पडतात, पुन्हा भेटत नाहीत.

मौलाचाचांना हे कुणी सांगितलं नव्हतं. गड्डमनं संध्याकाळी एक नळी हळूहळू निवायला ठेवली होती. चाचांनी प्रेमानं ती उचलून बर्फाच्या भांड्यात ठेवली. सकाळी सर इतके तापले की सगळं इंग्रजीत झालं. चाचा मान खाली घालून उभे. दुपारी सरांना वाईट वाटलं, तेव्हा त्यांनी चाचांना शेजारी बसवून दोन दोऱ्यांची सगळी गोष्ट सांगितली.

पुढं काही महिन्यांनी चाचांची मुलगी नवऱ्याशी भांडून माहेरी आली. मोहल्ल्यातली वडीलधारी मंडळी म्हणाली, आजच्या आज जावयाला बोलवा, सोक्षमोक्ष लावा. चाचांनी कुणाचं ऐकलं नाही. आम्ही विचारलं तर म्हणाले, "अभी गरम हैं दोनों. बर्फ नक्को डालो. आहिस्ता ठंडा होन दो, खुदीच मिल जाते."

पंधरवड्यानं जावई आपण होऊन आला. सोबत पोरीसाठी बांगड्या होत्या. सरांना हे कळलं तेव्हा त्यांनी हातातली वही मिटली. मग म्हणाले, "गड्डम, हे थिसिसमध्ये घालता येत नाही, नाहीतर घातलं असतं."

* * *

आता दुष्काळाची गोष्ट.

डिस्टिल्ड वॉटर तयार करायचं तर वाफ गार करायला नळ सारखा सोडून ठेवावा लागतो. पावसानं दगा दिला आणि कॉलेजला पाणी घागरीनं येऊ लागलं. तिथं नळ सोडून ठेवायचं नाव कोण काढणार? सरांनी डोकं चालवलं. सात रस्ता चौकात ट्रकच्या बॅटऱ्यांचं दुकान होतं. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालतात, मग तिथूनच आणा की. दुकानदारानं मोठे कॅन भरून दिले. वर म्हणाला, "एक नंबर माल हाय सर. आमच्या बॅटऱ्यांची तक्रार न्हाई."

त्या पाण्यात सरांनी डीएनए विरघळवला. साधा नव्हे, मिथिल नावाचा रासायनिक गट चिकटवलेला. जगातल्या सगळ्या पुस्तकांत लिहिलंय की असा डीएनए सैल होतो, आधी सुटतो. गड्डम वाचून दाखवत होता, सर लिहीत होते. पंच्याहत्तर अंश झाले, काटा हलेना. ऐंशी झाले, हलेना. सरांनी पेन खाली ठेवलं. आमचा डीएनए सैल व्हायच्या ऐवजी घट्ट झाला होता!

खरं तर साधा डीएनए त्याच पाण्यात परत तापवून बघायला हवा होता. पण यंत्रातल्या दिव्याचं आयुष्य सरत आलं होतं आणि नवा दिवा परदेशातून यायचा होता. साध्या डीएनएचा आलेख हिवाळ्यातच काढून ठेवलेला होता, आमच्या स्वतःच्या डिस्टिल्ड पाण्यातला. सर म्हणाले, तोच वापरू, दिवा जपू. आम्हाला ते पटलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सरांच्या घरून शेंगापोळ्यांचा डबा आला. सर इतके आनंदात होते की आकडे कन्नडमध्ये म्हणत होते. हैदराबादच्या परिषदेसाठी निबंध लिहिला गेला, गड्डमच्या थिसिसचं सगळ्यांत वजनदार प्रकरणही तेच झालं. थिसिस ज्यांच्याकडं तपासायला जाणार होता ते बंगळूरचे मोठे प्राध्यापक परिषदेला येणार होते. सर गड्डमला म्हणाले, "त्यांनी हा आलेख एकदा बघू दे. मग तुझी काळजी नको."

* * *

माझ्याकडं पहिल्या वर्षाच्या मुलींचं प्रॅक्टिकल होतं. पाण्याचा जडपणा मोजायचा. अगदी सोपं काम. बाटलीत पाणी घ्यायचं, साबणाचं पाणी थेंबाथेंबानं घालायचं आणि हलवायचं. चांगल्या पाण्याला लगेच फेस येतो. क्षाराच्या पाण्याला येत नाही, नुसतं फुटलेल्या दुधासारखं चोथापाणी होतं. आधी डिस्टिल्ड पाण्यावर करून बघायचं, म्हणजे फेस कसा असतो ते कळतं. दुष्काळात मुलींसाठी डिस्टिल्ड पाणी कुठलं! सरांची परवानगी घेऊन मी त्यांच्या कॅनमधलं थोडं घेतलं.

मुली बाटल्या हलवतायत, हलवतायत. फेस नाही. मी म्हटलं, नीट हलवा, घरी काही खाऊन येत नाही काय? एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "बाई, आमच्या विहिरीच्या पाण्याला बी असंच होतंय."

मी बाटली हातात घेतली, स्वतः हलवली. पांढरा चोथा वर आला. दारात गड्डम उभा होता. तो चॉक मागायला आला होता. त्यानं माझ्या हातातल्या बाटलीकडं बघितलं, कॅनकडं बघितलं आणि चॉक न घेताच भिंतीला टेकला.

विहिरीचं पाणी! त्यातले क्षार डीएनएच्या दोन्ही दोऱ्यांना धरून ठेवतात, हे सरांनीच आम्हाला शिकवलेलं. मिथिलनं काही घट्ट केलं नव्हतं. सात रस्त्यानं केलं होतं.

मी त्याला म्हटलं, दोन दिवस थांब, योग्य वेळ बघून सांगू. तो म्हणाला, "योग्य वेळ कुटली येती बाई असल्याला?" आणि सरळ सरांच्या खोलीत गेला. मी मागोमाग.

"सर, आपला डीएनए घट्ट न्हाई. आपलं पाणी क्षाराचं हाय."

सरांनी सगळं ऐकून घेतलं. स्वतः उठून आले, बाटली हलवली, उजेडात धरली. परत जाऊन बसले. हैदराबादला न्यायचे कागद टेबलावर होते, ते ड्रॉवरमध्ये ठेवले. मौलाचाचांना चहा सांगितला. रोज दोन कप यायचे, एक सरांचा, एक गड्डमचा.

सर म्हणाले, "एकच आणा."

गड्डम बाहेर आला तेव्हा मला त्याच्याकडं बघवेना. स्कॉलरशिप सरत आलेली, प्रकरण पाण्यात गेलेलं, आणि वर सरांचा अबोला. तो घरीही काही बोलला नाही, कारण घरी तर डाक्टर होऊन बसलेला. मी चाचांपाशी रडगाणं गायले. चाचा कपबशी विसळत म्हणाले, "बर्फ नक्को डालो बाई."

* * *

सरांनी हैदराबादचं जाणं रद्द केलं नाही. गड्डमचंही तिकीट काढलेलं होतं, तेही तसंच राहिलं. पुढचं मी बघितलेलं नाही. गड्डमनं सांगितलं, नंतर सरांनीही सांगितलं, आणि दोघांच्या सांगण्यात फरक नव्हता.

गाडीत दोघं समोरासमोर बसले, अवाक्षर नाही. सरांच्या मांडीवर पिशवी होती आणि ती सर कुणाला हात लावू देत नव्हते. गड्डमला वाटलं, आलेख आहेत, सर तोच निबंध वाचणार. वाचला तर खोटं ठरेल, नाही वाचला तर आपलं काय, या विचारानं त्याला डुलकीसुद्धा लागली नाही. वाडी स्टेशनात सर उतरले. परत आले तेव्हा हातात दोन चहा होते. एक त्यांनी गड्डमपुढं धरला आणि खिडकीबाहेर बघत बसले. गड्डम मला म्हणाला, "बाई, तो चहा गार होईस्तोवर मी हातातच धरून बसलो."

परिषदेत सरांच्या आधी बंगळूरच्या त्या मोठ्या प्राध्यापकांचं भाषण होतं. त्यांनीही डीएनएला एक निराळा गट चिकटवला होता. त्यांचाही डीएनए पुस्तकाविरुद्ध निघाला होता, सैल व्हायच्या ऐवजी घट्ट! सभागृह टाळ्यांनी दणाणलं. शेवटी त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांचे आभार मानले. म्हणाले, उन्हाळ्यात आमच्याकडं पाण्याचे फार हाल होते, पण या मुलांनी कुठून कुठून पाणी पैदा केलं आणि काम थांबू दिलं नाही.

मग सरांचं नाव पुकारलं गेलं.

सर वर गेले. पडद्यावर आमचा आलेख लागला, तोच, घट्ट डीएनएचा. पुढच्या रांगेतून ते प्राध्यापक कौतुकानं मान हलवत होते, कारण त्यांच्या म्हणण्याला हा दुसरा पुरावा. सरांनी आलेखाकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांनी पिशवीतून दोन बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या आणि रुमालात गुंडाळलेली कपड्याच्या साबणाची वडी काढली. साबणाचा एकेक तुकडा दोन्ही बाटल्यांत टाकला. पहिली हलवली. फेस बुचापर्यंत आला. दुसरी हलवली, हलवत राहिले. पांढरा चोथा.

"हे आमच्या गावचं विहिरीचं पाणी," सर म्हणाले. "वरचा आलेख मी याच पाण्यात काढला. हा घट्टपणा डीएनएचा नाही, सोलापूरचा आहे. मला हे कळलं नव्हतं. माझ्या विद्यार्थ्याला कळलं, आणि त्यानं ते मला तोंडावर सांगितलं. तो तिथं मागं बसलाय. गड्डम, उभा राहा."

गड्डम उभा राहिला. सगळं सभागृह मागं वळून बघत होतं. पुढच्या रांगेत ते प्राध्यापक उठले. ज्यांच्याकडं थिसिस जायचा, तेच. सावकाश पायऱ्या चढून टेबलापाशी गेले. लोकांना वाटलं, आता हिरेमठांची चामडी लोळवणार. गड्डमनं समोरची खुर्ची दोन्ही हातांनी धरली.

प्राध्यापकांनी चोथ्याची बाटली उचलली, दिव्यापुढं धरून बराच वेळ बघितली आणि जपून खाली ठेवली. मग सरांच्या अगदी जवळ जाऊन म्हणाले, "हिरेमठ, तो साबण जरा मला देता का?"